काळी पाच

११ ऑगस्ट २०१४, सोमवार

"टीव्ही आहे हो, हेमाताई. रेडिओ असता तर प्रश्नच नव्हता!"

असं म्हणाला दीनानाथ. माझ्याच घरात बसून, माझ्याच कपातून चहा पीत. वर बिस्किट बुडवलं.

रेडिओ असता तर! म्हणजे माझा आवाज चालतो, मी चालत नाही. एकोणपन्नास वर्षांची बाई, चष्मा, पिकलेले केस – बारा देशांना दाखवायची लाज वाटते. सरळ तसं बोलला असता तर निदान खरं बोलला म्हणाले असते. तर नाही. "नवा चेहरा हवा असं सर्वांचं मत पडलं." मत पडलं म्हणे! झाडावरून चिंच पडावी तसं आपोआप पडलं असणार.

मी काय केलं? "आणखी घेणार का थोडा?" विचारलं. तेवीस वर्षं हेच करत आले आहे.

या वेळी नाही. उद्यापर्यंत राग विरघळेल म्हणून इथे लिहून ठेवते – दीनानाथला मी हे सोडणार नाही.

१२ ऑगस्ट

राग विरघळला नाही. उलट सकाळी दात घासताना वाढला.

दीनानाथ चाली बांधतो. चाल झाली की ते गाणं आधी कुणीतरी गाऊन द्यावं लागतं. स्टुडिओत त्याला डमी म्हणतात. मग नावाजलेली गायिका येते, डमी ऐकून गाणं बसवते, आणि माझा आवाज पुसून तिथे तिचा भरतात. तेवीस वर्षं दीनानाथची डमी मी. लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षात, दुसरीच्या गळ्यातून माझ्या हरकती ऐकू येतात. नवऱ्याला, श्रीधरला म्हटलं की म्हणतो, "मग पैसे मिळाले ना... बरं, राहू दे."

पण हे गाणं निराळं होतं. 'पल्याडच्या काठावर कोण माझं गातं.' गेल्या वर्षी दिवाळीनंतर बसवलं. आशियातल्या बारा वाहिन्या दरवर्षी मिळून एक गीतमहोत्सव करतात. एका देशाचं एक गाणं, मंचावर प्रत्यक्ष गायचं, बाराही देशांत टीव्हीवर दिसतं. यंदा कोलंबोला, अठरा ऑक्टोबरला. दीनानाथने माझी डमीच पाठवली. आणि निवड झाली! पत्रात लिहिलेलं – गायिकेचा आवाज विलक्षण. त्यानेच फोनवर दोनदा वाचून दाखवलं. "हेमाताई, पासपोर्ट काढून ठेवा!"

काढला. फोटोसाठी केसांना मेंदी लावली. आता पासपोर्ट कपाटात आहे, पैठणीच्या घडीखाली. कोरा.

१४ ऑगस्ट

श्रीधरला सगळं सांगितलं. नवरा म्हणून जरा चिडावं की नाही? पेपरातून डोकं न काढता –

"नंबर काढतात का तिथे?"

"नाही."

"बक्षीस?"

"अहो, स्पर्धाच नाही ती. परीक्षक नाहीत, काही नाही. सगळ्यांना सारखंच स्मृतिचिन्ह."

"म्हणजे परीक्षा आहे, पण निकाल नाही. बरंय की!"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस फक्त टोमणे मारायला तोंड उघडतो. पण बोलला ते डाचत राहिलं. स्पर्धा असती तर म्हटलं असतं, जा बाबांनो, शेवटचा नंबर येऊ दे तुमचा. इथे हरायची सोयच नाही! कसंही गा, टाळ्या ठरलेल्या. दीनानाथ तोंडावर आपटायचा तर एकच वाट आहे. सगळ्यांदेखत, थेट प्रक्षेपणात, गाणं फुटलं पाहिजे.

१८ ऑगस्ट

नवा चेहरा आज घरी आला.

हो, माझ्याच घरी! कारण दीनानाथ म्हणाला, "तुम्हीच शिकवा तिला. हे गाणं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" जखमेवर मीठ चोळायचं आणि वर विचारायचं, मीठ बरोबर पडलंय ना? मी हो म्हटलं. फार गोड आवाजात म्हटलं.

नाव विजयमाला. आजीचं नाव ठेवलंय. घरी माला म्हणतात. वय बावीस. टीव्हीवरच्या कुठल्या तरी गाण्याच्या स्पर्धेत पहिली आलेली. खडकवासल्याच्या वाटेवरचं गाव. तिथे आता शेतं कमी आणि इमारती जास्त, आणि त्यातल्या निम्म्या हिच्या वडिलांच्या. वडील सर्जेराव. पांढरे कपडे, पांढरी गाडी. गल्लीत अशी लावली की दूधवाल्याला सायकल काढता येईना. वर आला आणि उंबऱ्यातच माझ्या पाया पडला! दहा वर्षांनी मोठा असेल माझ्याहून.

"बाई, पोरगी तुमच्या वटीत घातली. आमच्यात गाण्यातलं कुनाला काय कळत न्हाई. तुमी म्हनाल तसं."

पिशवीभर कणसं आणि इंद्रायणी तांदूळ ठेवून जिना उतरला.

मुलगी बोलते तीही तशीच, हाय आणि न्हाय. पण गायला लागली की एक अक्षर वाकडं नाही. आवाज चांगला आहे. इथे खोटं कशाला लिहू? चांगला आहे. जाड, उबदार, खालच्या सुरांत भरलेला. मी पेटीवर सूर बदलत बदलत तिची पट्टी बघितली. पांढरी चार. फार तर काळी तीन.

आणि वाद्यांचा ट्रॅक केलेला आहे माझ्या आवाजाला. काळी पाच! चार पट्ट्या वर.

गाण्यात 'कोण' या शब्दावर चाल वर जाते आणि तिथे आठ मात्रा थांबते. माझा आवाज तिथे सहज जातो, देवाने तेवढं एक दिलंय. तिचा नाही जायचा. ओढून नेला तर फाटेल.

पेटी बंद करताना मला हसू आलं. तिला वाटलं तिच्याकडे बघून हसले. तीही हसली.

२१ ऑगस्ट

स्टुडिओत गेले होते. मी, दीनानाथ आणि काचेपलीकडे मच्छिंद्र. मच्छिंद्र तिथला रेकॉर्डिस्ट, तेवीस वर्षं माझ्या सगळ्या डमी त्यानेच घेतल्या.

दीनानाथने घड्याळ बघत विचारलं, "पट्टी चालेल ना मुलीला? नाहीतर आत्ताच सांगा. बासरीवाल्यांना, संतूरवाल्यांना परत बोलावतो, ट्रॅक खाली घेऊन वाजवू. आठवड्याचं काम आहे. महिनाभराने मात्र मला सांगू नका, तोवर ट्रॅक कोलंबोला गेलेला असेल."

मी म्हटलं, "जमेल."

एक शब्द. त्यासाठी घसासुद्धा खाकरावा लागला नाही.

"बास! तुम्ही म्हणालात म्हणजे झालं," म्हणून निघून गेला. तिचं गाणं स्वतः एकदा ऐकावं, एवढंही त्याला सुचलं नाही. तेवीस वर्षं माझ्या कानांवर विसंबून मोठा झालाय, त्याचे कान आहेत कुठे!

मच्छिंद्र बाहेर आला. "ताई, त्या पोरीचं मी ऐकलंय. काळी पाच तिची न्हाई."

"रियाजाने चढते पट्टी."

"चार पट्ट्या? दोन महिन्यांत?"

"शिकवणार कोण आहे, मच्छिंद्र? तू की मी?"

परत काचेपलीकडे गेला. जाणारच. पट्टी गुरूने ठरवायची असते, त्यात रेकॉर्डिस्टने बोलायचं नसतं.

२२ ऑगस्ट

आज भूक छान लागली. दोनदा भात घेतला.

२५ ऑगस्ट

मालाने आज विचारलंच. पदराशी, म्हणजे ओढणीशी चाळा करत. "ताई, एक म्हनू? जरा खाली घेतली तर, पट्टी?"

मी पेटी थांबवली. "भीती वाटते का?"

"तसं न्हाई..."

"वाटत असेल तर नको जाऊस. दीनानाथना मी कळवते, मुलीला झेपत नाही म्हणून. तुझ्या वडिलांनाही कळवते."

झटकन दोन्ही कान पकडले पोरीने. "न्हाई न्हाई, चुकलं. तुमी म्हनता ना, मग जमंल."

आता पुन्हा विचारणार नाही. कानाच्या पाळ्या धरल्या की शिष्याने तो विषय काढायचा नसतो. मी माझ्या बाईंकडे शिकायला होते तेव्हा दुसऱ्यांदा विचारलं होतं – चापट बसली होती. ही शहाणी आहे.

३१ ऑगस्ट

गणपतीचा तिसरा दिवस. समोरच्या मंडळाचा कर्णा थेट आमच्या खिडकीत. शिकवणी बंद ठेवायला हवी होती. मुद्दाम ठेवली नाही. त्या गोंगाटाच्या वर आवाज चढवून गायला लावलं. "मंचावर वाद्यं अशीच अंगावर येतात," म्हटलं. साफ खोटं. तिथे गाणाऱ्याच्या कानात यंत्र असतं, आपलं आपल्याला नीट ऐकू येतं.

गायली. घामाघूम झाली. नंतर तीन उकडीचे मोदक खाल्ले.

श्रीधर म्हणाला, "मुलगी गोड आहे हो."

"मोदकही गोड होते," म्हटलं. विषय संपला.

९ सप्टेंबर

सकाळी बोलताना तिचा आवाज बसलेला असतो. गायला लागली की अर्ध्या तासाने मोकळा होतो. चघळायला ज्येष्ठमधाची काडी दिली. अगदी आईच्या मायेने!

'कोण' रोज त्याच जागी फाटतं. मी रोज वीस वेळा तिला तिथेच आणून सोडते.

वाईट वाटतं का? वाटतं. माझ्या आत एक बाई आहे, ती पुरे पुरे म्हणते. पण ती बाई आयुष्यभर दुसऱ्यांनाच चहा विचारत आली, तिचं कशाला ऐकायचं? सुक्याबरोबर ओलंही जळतं. आग दीनानाथने लावली आहे. मी नाही.

१७ सप्टेंबर

मच्छिंद्र घरी आला. येरवड्याहून इथवर बसने, हे एवढंच सांगायला – "ताई, ट्रॅक अजून गेलेला न्हाई. सोमवारी पाठवायचाय. आज सांगितलं तरी तीन दिवसांत खाली घेऊ. मी झोपत न्हाई, पन करतो."

"दीनानाथकडे का नाही गेलास मग?"

"त्यांनी मला इचारलं, हेमाताई काय म्हनतात? मी म्हनलो, जमंल म्हनतात. मग ते म्हनले, मग झालं की!"

बघा! मला चेहरा नाही, पण शब्दाला केवढा मान!

मी म्हटलं, तिची तयारी उत्तम चालली आहे. तो बराच वेळ चपला घालत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमचा आवाज ट्रॅकवरून दर वेळी मीच पुसला. तवा काय बोललो न्हाई. आता बोलायचं तोंड न्हाई मला. पन प्रत्येक डमीची एक कापी घरी ठेवलीया. सगळ्या हायत."

तो गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तेवीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं. आणि सांगून काय झालं? राग आणखीच पेटला. सगळ्या आहेत म्हणजे किती असतील!

२६ सप्टेंबर

आज लागला.

'कोण' आज लागला. एकदाच, पण आठही मात्रा टिकला. मी पेटीवरचा हात काढून घेतला तरी टिकला. तिच्या मानेवरची शीर दोरीसारखी तट्ट फुगलेली. सूर संपल्यावर डोळ्यांत पाणी, आणि माझ्याकडे बघतेय – शाबासकीसाठी.

"पुन्हा," म्हटलं.

पुन्हा फाटला. बरं वाटलं. असं बरं वाटणारी बाई मी कधी झाले, कोण जाणे.

३ ऑक्टोबर, दसरा

सर्जेराव सोनं द्यायला आला. आपट्याची पानं आणि नारळ. परत पाया पडला. "घरात बोलत न्हाई हल्ली पोरगी. खुणा करती. आवाज जपायचा म्हनती, बाईंसाठी." मोठ्या अभिमानाने सांगत होता.

मी पानं घेतली. दिलीही.

१२ ऑक्टोबर

शेवटची शिकवणी. उद्या मुंबईला, तिथून कोलंबो. दीनानाथही जातोय, नवा कुर्ता शिवलाय म्हणे. शीव, शीव! भर सभेत तोंड लपवायला उपयोगी पडेल.

माला पाया पडली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमी पन चला ना."

"माझा चेहरा टीव्हीचा नाही."

"आसं कोन म्हनलं?" खरंच ठाऊक नव्हतं तिला! गाणं आधी कुणाला मिळालं होतं, कुणाकडून काढून घेतलं, काही नाही. डमी कुणाची, एवढंच माहीत. "मी तुमची डमी रोज ऐकती. उठल्याबरोबर, जेवताना बी. त्यातल्यासारखा एक 'कोण' लागला ना, तरी मी जिंकली."

"तिथे जिंकायचं नसतं," म्हटलं.

जाताना जिन्यात वळून हसली. ती काही बोलेल म्हणून मी दार लोटायची थांबले. ती खाली उतरून गेली. मग लोटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी साडेपाचपासून टीव्हीसमोर. श्रीधरने शेंगदाणे भाजून घेतलेले, क्रिकेटची मॅच असल्यासारखे.

आपलं गाणं सातवं. पहिल्या सहांकडे माझं लक्ष नव्हतं. कुणी ढोल वाजवत होतं, कुणी झगमगत्या झग्यात पियानोवर. सगळ्यांना सारख्या टाळ्या. "अहो, हे तर आमच्या बँकेचं स्नेहसंमेलन झालं," श्रीधर म्हणाला.

मग माला आली. अंजिरी रंगाची नऊवारी. कॅमेरा पहिल्या रांगेवर फिरला, दीनानाथ बसलेला, नवा कुर्ता घालून. मी खुर्चीच्या कडेवर आले.  फाट, फाट, फाट, मनात जपमाळ चाललेली. हे मी इथे लिहिते आहे कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

मुखडा उत्तम. पहिला अंतरा उत्तम. बासरी वर गेली. 'पल्याडच्या काठावर...'

कोण!

लागला. आठही मात्रा. सुरीसारखा सरळ. मी नसता लावला इतका चांगला, आणि हे मी लिहिते आहे! सगळं सभागृह उठून उभं राहिलं. दीनानाथ डोळे पुसतोय. डोळे पुसतोय माझ्या जागेवर, माझ्या पट्टीवर!

शेवटी बाराही देशांचे गायक मिळून एक गाणं म्हणतात. सगळे हातात हात घालून डोलत होते. आपली बाई मध्ये नुसती उभी, तोंड मिटून, हात गळ्याशी. पाठ केलं नसेल! एवढ्यातच चढली हवा.

श्रीधर म्हणाला, "नंबर असता तर पहिला होता हो तुमचा."

तुमचा! शेंगदाण्यांची वाटी उचलली आणि आत नेऊन आपटली.

१९ ऑक्टोबर

दीनानाथचा कोलंबोहून फोन. "हेमाताई, तुमची पट्टीच बरोबर होती! मला मधे शंका आली होती, खरं सांगतो. पण म्हटलं, ताई कधी चुकत नाहीत."

फोन ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले. दोन महिने घासून घासून सुरीला मीच धार लावून दिली, आणि कापलं कुणाला? मलाच.

२४ ऑक्टोबर, पाडवा

पेपरात फोटो. दीनानाथ, माला, स्मृतिचिन्ह. माझं नाव कुठेही नाही.

सर्जेरावने ड्रायव्हरबरोबर फराळाचा डबा पाठवला. चकल्या चांगल्या आहेत. तिचा फोन नाही! आल्याला चार दिवस झाले. ज्येष्ठमध माझा, पेटी माझी, सूर माझा, आणि साधं "ताई, आले" म्हणायला तोंड उघडत नाही. मीही करणार नाही.

२७ ऑक्टोबर

शनिवारी दोघांचा सत्कार आहे, टिळक रोडच्या बाजूला एका सभागृहात. दीनानाथचा निरोप – "मार्गदर्शक म्हणून दोन शब्द बोला."

बोलते! दोन कशाला, एकही शब्द बोलणार नाही. मच्छिंद्रला फोन केला, 'पल्याडच्या काठावर'ची डमी घेऊन ये म्हटलं. आधी मालाचं कोलंबोचं गाणं ऐकवायचं, लगेच त्यामागे माझं. तीच पट्टी, तीच चाल, एक वर्ष आधीचं. आणि पत्रातली ओळ वाचून दाखवायची – गायिकेचा आवाज विलक्षण. कुठल्या गायिकेचा ते सभागृहाने ठरवावं. महोत्सवात नंबर नव्हता ना? मी लावते नंबर. पुण्यात लावते, सदाशिव पेठेतल्या लोकांसमोर. ते टाळ्या सारख्या वाटत नाहीत.

मच्छिंद्रने तारीख विचारून घेतली. मग, "आनतो," म्हणाला.

३१ ऑक्टोबर

पैठणी इस्त्री करून आणली. पासपोर्टही बरोबर नेणार आहे. कोरी पानं वर धरून दाखवीन.

१ नोव्हेंबर

सभागृहाच्या दाराला कागद चिकटवलेला. 'गायिकेच्या प्रकृतीच्या कारणास्तव आजचा सत्कार समारंभ रद्द. गैरसोय झाल्यास आमचा नाइलाज.'

प्रकृती! सर्दी झाली असेल राणीसाहेबांना. दारात मच्छिंद्र उभा होता, खिशात डमी. माझ्याकडे बघेना. "तुम्हाला ठाऊक न्हाई का, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, आणि रिक्षा केली. चिडचिड झाली आहे. पैठणीला रिक्षातलं ग्रीस लागलं.

२ नोव्हेंबर

माला आली. सर्जेराव खालीच, गाडीत बसून राहिला. ती एकटी वर आली, पाया पडली, आणि पिशवीतून गाण्याची वही काढून लिहायला लागली. बोलताना अशुद्ध बोलते, लिहिते अगदी शुद्ध.

"डॉक्टरांनी तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही असं सांगितलंय. स्वरयंत्रात रक्त साकळलंय, गाठही आहे. बोलण्याचा आवाज परत येईल, गाण्याचं काही सांगता येत नाही म्हणाले. कोलंबोला 'कोण' लावला तेव्हाच आत काहीतरी तुटलं. म्हणून फोन केला नाही, ताई. रागावू नका."

मी वाचलं. तिने वही परत घेतली आणि खाली आणखी लिहिलं.

"पट्टी माझी नाही हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण तुम्ही जमेल म्हणालात, म्हणून जमवलं. माझा रियाज कुठे चुकला, तेवढं सांगा."

चहा टाकते म्हणून आत आले आहे. बोलायची बंदी तिला आहे, मला नाही. तरी बाहेर माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. ओट्यावर रोजनिशी ठेवून हे लिहिते आहे, चहा उकळून उकळून काळा झाला.

कपाबरोबर ही रोजनिशी नेऊन तिच्यापुढे ठेवणार आहे. अकरा ऑगस्टचं पान उघडून.